ठोक्यांची गोळी

गारखेड्यातल्या दवाखान्यात ईसीजीसाठी छातीवर गार जेल लावलं, आणि मला बापू आठवले.

वीस वर्षांपूर्वी माझे वडील पिशोरहून येऊन असेच आडवे पडले होते. मी शेजारी उभा. त्यांचे ठोके अनियमित पडायचे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, गोळी रोज घेता ना?"

बापूंनी उशाशी ठेवलेल्या बंडीतून जवळजवळ भरलेली पट्टी काढली. "छाती फडफडली की घेतो. कीड दिसल्याबिगर फवारणी कोण करतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र शांत होत्या. "पेरणीआधी बियाण्याला औषध चोळता ना? तशी ही गोळी. ठोके चुकले की हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर लकवा. फडफड नसली तरी घ्यायची."

"आसं व्हय! मंग आधीच सांगायचं ना," बापू म्हणाले. पुढं मरेपर्यंत त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

"सर, गोळी रोज घेता ना?" आताच्या डॉक्टरांनी मला विचारलं.

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. शर्टाच्या खिशातली पट्टी जवळजवळ भरलेलीच होती, आणि बापूंकडं होतं तसं कारणसुद्धा माझ्याकडं नव्हतं.