घरात बसा, कळवू

आमच्या देवळाच्या सभामंडपात आपत्ती व्यवस्थापनाचे साहेब सांगत होते, किरणोत्सर्गाची दुर्घटना झाली तर दारं-खिडक्या लावून घरातच बसा, बाहेर कधी यायचं ते मोबाईलवर कळवू. माझं डोकंच फिरलं. आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत घरात रेंज येत नाही. मुंबईच्या लेकाशी बोलायचं झालं तरी मी वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर चढते.

"मग तुमचा मेसेज वाचायला बाहेर पडायचं का?" मी विचारलं.

"उगाच घबराट पसरवू नका," म्हणून त्यांनी मला खाली बसवलं.

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. आवाज तुटायला लागला तसे साहेब "हॅलो, हॅलो" करत अनवाणीच अंगणात पळाले.

मी उठून दारात गेले आणि म्हटलं, "सायबानू, भितर येवन बसा. मेसेज येतलो तुमका."