सोप्यावर विचारलेला प्रश्न

मलेरियाच्या गोळ्यांवरचं आमच्या संस्थेचं पत्रक मला तोंडपाठ आहे. जेवून गोळी घ्या. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. लघवी काळपट झाली तर थांबा आणि दवाखाना गाठा. उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका. आणि शेवटची ओळ, गरोदर बाईनं प्रायमाक्विन घेऊ नये. ही शेवटची ओळ मी किती गावांत ओरडून सांगितलीय. आमच्या घरात तिचं काय झालं ते पत्रकात मावत नाही, म्हणून इथं लिहिते.

आमचं गाव कंग्राळीच्या पलीकडं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गोव्यात फरशी बसवायच्या कामाला जातो. यंदा वैनीपण काही दिवस त्याच्याजवळ राहून आली. दोघंही आले ते हुडहुडी घेऊनच. रक्त तपासलं, दोघांना मलेरिया निघाला. आरोग्य खात्याच्या बाई गोळ्या घेऊन घरी आल्या. एक गोळी तापाची, ती गरोदर बाईलाही चालते, नव्हे, द्यावीच लागते. दुसरी प्रायमाक्विन. यकृतात लपून बसलेला आजार मारायला ती दोन आठवडे घ्यायची असते. ही मात्र पोटातल्या बाळाच्या रक्तावर उठू शकते.

बाईंनी विचारायचं ते विचारलं. पण कुठं? सोप्यावर. तिथं आप्पा, म्हणजे आमचे वडील, बसलेले, अण्णा घोंगडं पांघरून पडलेला, शिवाय चौकशीला आलेली गल्लीतली माणसं. एवढ्या लोकांत बाईंनी कानडी हेल काढून विचारलं, "गरोदर नाहीस ना, अव्वा?"

वैनीनं खाली बघितलं. आमच्याकडं तिसरा महिना सरेपर्यंत हे तोंडातून काढत नाहीत. सासूच्या कानात सांगायचं आणि गप्प बसायचं, नाहीतर नजर लागते. सासऱ्यासमोर बोलणं तर लांबच. वैनीनं आईला सांगितलं होतं. म्हणजे त्या सोप्यावर उत्तर दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक बोलली.

"छे, न्हाय वो," आई म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

बाईंनी दोघांच्या गोळ्या मोजून दिल्या.

मी तेव्हा शहरात, टिळकवाडीत खोली घेऊन राहत होते. सुट्टीला घरी गेले तर वैनी पिवळी पडलेली. आई कौतुकानं सांगत होती की गोळी स्वतःच्या हातानं देते, चुकवू देत नाही. तुझीच पत्रकं वाचून शिकले म्हणाली. वैनी मागं भांडी घासत होती. मी जवळ बसले तसं तिनं मान वर न करताच विचारलं, "वन्सं, ह्या गोळ्या समद्यास्नी चालत्यात का?"

पुढचं तिला विचारावं लागलं नाही. मी पाकीट उचललं, आईसमोर धरलं आणि ही बंद म्हणून सांगितलं. आईनं दार लोटून घेतलं. आवाज बाहेर जाऊ नये एवढीच तिला काळजी. सरकारनं दिलेली गोळी वाईट कशी असेल, रक्त काढून दिलीय, आणि आता दवाखान्यात नेलीस तर गावभर होईल, असं ती कुजबुजत राहिली. मी वैनीला स्कूटरवर बसवलं. वाटेत ती एवढंच म्हणाली की सकाळपासून लघवी चहासारखी होतीय, पण सासूबाई म्हणल्या, उष्णता बाहेर पडतीय.

बाळ राहिलं नाही.

डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. मलेरियानंही गर्भ जातो, गोळीनं रक्तपेशी फुटल्या तरी जातो, नक्की कशानं गेलं ते त्या सांगू शकत नव्हत्या. एवढं मात्र म्हणाल्या की ही गोळी तिला द्यायलाच नको होती.

यातलं शेवटचं वाक्य आईनं उचललं, आधीचं दवाखान्यातच ठेवून आली. गल्लीत ती सांगू लागली की सुनेनं लपवलं, म्हणून असं झालं. अण्णा ऐकत होता. आप्पा ऐकत होते. वैनी अंथरुणात होती, तिच्या उशाशी उभी राहून आई म्हणाली, "इचारलं तवा तुझं तोंड शिवलंतं व्हय गं?"

मी म्हणाले, "तू बोललीस, आई. तिनं तोंड उघडायच्या आधी तू बोललीस."

"तू लई शिकलीस," आई म्हणाली. "तुझं लगीन झालं म्हंजी कळंल."

अण्णा उठून बाहेर गेला. त्यानं स्वतःच्या गोळ्या मात्र एकही न चुकवता पुऱ्या केल्या. तो आता ठणठणीत आहे.

वैनीचा आजार पुन्हा उठू शकत होता. लघवी तशी झाली होती म्हणून डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्या रक्ताला ही गोळी चालते का ते तपासायला लावलं. अंगातलं रक्त भरून आल्यावर, जपून, आठवड्यातून एकदाच घ्यायची असं ठरवून दिलं. गोळ्या घेऊन परत त्याच बाई आल्या. मी त्यांना वाटेतच गाठून सांगितलं होतं, वैनीला आत नेऊन एकटीला विचारा, तिच्या वतीनं कुणी बोललं तर ते धरू नका. त्या व्हय व्हय म्हणाल्या. आणि आल्या त्या सोप्यावरच टेकल्या, आप्पांसमोर, आलेल्या बायकांसमोर. घाई होती त्यांना, अजून अर्धं गाव राहिलं होतं.

"आता गरोदर नाहीस ना, अव्वा?"

आईनं तोंड उघडलं. त्याआधी वैनी उंबऱ्यावर आली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला नाही. सगळ्या सोप्याला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "आता न्हाय. तवा हुते."

आप्पांनी तंबाखूची चंची उघडली आणि तशीच बंद केली. वैनी आत गेली, ताट वाढून घेतलं, पोटभर जेवली आणि मग गोळी घेतली. आई हात पुढं करून उभी होती, पाकीट मागत. वैनीनं ते दिलं नाही.