कॅनडावाल्या बाई आणि पहाटेची गाडी

"ती कॅनडावाली ना? अहो, पंधरा दिवसांसाठी म्हणून आली आणि हिवाळा संपेपर्यंत हलली नाही. स्वतःचा नवरा घरी भांडी घासत बसलेला, आणि ही रोज पहाटे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला घेऊन गाडीतून वाळवंटात. दोघंच! शेवटी बहिणीनेच हाकलली, तेव्हा गेली."

ही हकीकत मी गेल्या महिन्यात अल नहदातल्या एका घरी, सुटीच्या दिवशीच्या जेवणात ऐकली. सांगणारे गृहस्थ त्या काळी दुबईच्या देरा भागात एका ट्रेडिंग कंपनीत होते आणि धैदला वर्षातून एखाद्या वेळी, ताजी भेंडी फुकट मिळते म्हणून, येत असत. मी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली.

"तुम्ही पाहिलंत?"

"काका, सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे पाहिलेलं कोणीच नाही."

"जाऊ द्या ना काका. किती वर्षं झाली! खलास."

माझा नातू शेजारी बसला होता. तोही म्हणाला, "आजोबा, चिल. नोबडी केअर्स." आपण हे वाचणारे सुज्ञ आहात, आपणही माणसे पाहत आला आहात; म्हणून विचारतो. ज्या गोष्टीची कोणाला पर्वा नाही, ती प्रत्येक जेवणात पुन्हा का वाढली जाते? आणि दर वेळी तिच्यात थोडे मीठ जास्त का पडते? पूर्वी ती 'कधीकधी सकाळी' जात असे. आता 'रोज पहाटे' जाते. आणखी दहा वर्षांनी माझ्या नातवाची पिढी तिला मध्यरात्री पाठवील.

मी त्या बाईंना पाहिलेले आहे. धैदच्या बाजारात माझे पाण्याच्या पंपांचे आणि ठिबकच्या नळ्यांचे दुकान होते. शारजातून वाळूचे पट्टे ओलांडून आत आले की खजुरांच्या आणि भाजीपाल्याच्या शेतांचा मुलूख लागतो, तो हा. बाईंचा मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, तिथल्या एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, शेतावर मॅनेजर होता. त्या शेताचा रस्ता माझ्या दुकानासमोरूनच जाई. त्यामुळे कोण कधी गेले आणि कधी परतले, हे देऱ्यात बसून कळत नसे, मला कळे.

आणखी एक सांगतो. मी भोळा माणूस नाही. गिऱ्हाईक म्हणाले की पंप आपोआप जळाला, तर मी आधी त्याच्या विहिरीत पाणी होते का ते पाहत असे. संशय हे माझ्या दुकानातले पहिले अवजार होते. तेव्हा कॅनडाहून आलेले एक मध्यमवयीन जोडपे कामधंदा सोडून धैदसारख्या जागी मुक्काम ठोकते, हे पाहून मला संशय आला नसता तरच नवल. त्या दिवसांत इथल्या निम्म्या मराठी कुटुंबांना कॅनडाला जायचे वेड लागले होते. काहींना वाटले हे एजंट आहेत. काही जण डब्यात चकल्या घालून विचारपूस करायला आले. बाई चकल्या खात आणि सांगत, "तिकडे थंडीत पापण्या गोठतात हो." एवढ्यावर पाहुणे नाराज होऊन परतत. मनातल्या मनात म्हणत, हिला आपल्याला तिकडे येऊ द्यायचे नाही.

बाईंची माझी पहिली भेट मला चांगली आठवते. शेतावर पंप बसवून मी निघालो होतो. बाईंना बाजारात जायचे होते, म्हणून त्या माझ्या व्हॅनमधून येणार होत्या. मी चावी फिरवली, तर बाई दार उघडून उभ्याच.

"थांबा. एक फेरी मारून येते."

आणि त्यांनी खरोखरच माझ्या व्हॅनभोवती एक पूर्ण फेरी घातली. वाकून चाकाखाली पाहिले, मागे जाऊन उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या बाजूने येऊन बसल्या. देवळाला घालतात तशी प्रदक्षिणा. मला वाटले, व्हॅनची किंमत करताहेत.

"भाऊ, तुमचा मागचा डावा दिवा लागत नाही."

"बाई, धैदमध्ये मागचा दिवा बघतो कोण?"

"मागून येणारा," त्या म्हणाल्या आणि पट्टा बांधला.

मला राग आला. दिवा मी त्याच दिवशी बदलला, पण राग आला. पुढे कळले की बाई कॅनडातल्या एका लहान गावात शाळेची बस चालवीत. चारी बाजूंना गव्हाची शेते, सहा महिने बर्फ, आणि दूरदूरच्या घरांतून पोरे गोळा करून शाळेत पोचवायची. बसमागे एखादे पोर बर्फात वाकून मोजा ओढीत असू शकते. म्हणून फेरी मारल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांचा नेम. तो त्या धैदच्या वाळूतही पाळीत. उभी गाडी दिसली की पावले आपोआप वळत. एकदा अरबाबाच्या पांढऱ्या लँडक्रूझरभोवतीही त्यांनी फेरी घातली. अरबाबाला वाटले, बाईंना गाडी आवडली. तो म्हणाला, "चलाओ, चलाओ." बाई शांतपणे म्हणाल्या, "पहले टायर में हवा भरो."

आता भांड्यांचा मुद्दा. त्यांचे यजमान भांडी घाशीत, हे सत्य आहे. रोज घाशीत. हकीकतीत हे अशा सुरात येते की जणू त्या बिचाऱ्याला बायकोने वाऱ्यावर सोडले होते. मी स्वतः त्यांना चिडवले होते, "काय हो, हेच खातं दिलंय का तुम्हाला?" हाताला फेस होता. ते म्हणाले, "हे मला जमतं. ते तिला जमतं." 'ते' म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारले नाही. पण ज्याची फसवणूक चालली आहे तो माणूस इतक्या निवांतपणे कढई घासत नाही, एवढे मी कढई पाहून सांगू शकतो.

दुसरा मुद्दा मुक्कामाचा. परवानगीची मुदत संपत आली की हे दोघे हत्ताच्या बाजूने ओमानच्या हद्दीपर्यंत जात, पलीकडे चहा घेत आणि नवा शिक्का घेऊन परत येत. कॅनडाच्या पासपोर्टवर त्या काळी ते जमत असे. लोक म्हणत, "बहिणीकडे इतकं कोण राहतं? काहीतरी आहे." काहीतरी होतेच. ते काय होते, हे मी आज सांगतो. कारण ज्याला मी शब्द दिला होता तो मॅनेजर गेल्या वर्षी कोल्हापुरात वारला. मी शब्द पाळणारा माणूस आहे. तो असेपर्यंत माझ्या तोंडून अक्षर निघाले नाही.

मॅनेजरला गाडीचा परवाना नव्हता.

हसू नका. ज्यांनी त्या काळात इथे परीक्षा दिली आहे ते हसणार नाहीत. परीक्षा घेणारा पोलीस शेजारी बसे, "यल्ला", म्हणजे चल, म्हणे, आणि पहिले वळण येण्याआधीच "खलास" म्हणून उतरवी. चांगले शिकलेले इंजिनियर तिथे रडताना मी पाहिले आहेत. मॅनेजर इतक्या वेळा नापास झाला की त्याने मोजणे सोडले, आणि एके दिवशी चारचौघांत सांगून टाकले, परवाना मिळाला. शेतातल्या वाटांवर विचारणारे कोणी नव्हते. डांबरी रस्त्यावरची कामे एक पठाण ड्रायव्हर करी. असे वर्षानुवर्षे निभावले.

मग पठाणाने कायमचे गावी जायचे ठरवले. अरबाब म्हणाला, नवा ड्रायव्हर कशाला? हा हंगाम संपला की शारजाच्या बाजारात भाजी मॅनेजरनेच न्यावी. "लायसन्स है ना?"

"है, अरबाब."

त्या दोन शब्दांवर त्याची नोकरी, शेतावरचे घर आणि मुलीचे शारजातले बारावीचे वर्ष टांगलेले होते. नोकरी गेली असती तर व्हिसा गेला असता, आणि पोरीला परीक्षेच्या तोंडावर कोल्हापूर गाठावे लागले असते. हे फक्त बायकोला ठाऊक होते. थोरली बहीण कॅनडाहून आली, तेव्हा चार दिवसांनी धाकटीने तिच्यापाशी तोंड उघडले. थोरलीने तिकीट पुढे ढकलले. एवढीच त्या लांबलेल्या मुक्कामाची कथा आहे.

पहाटे जायचे कारण हेच, की वाट दिसण्यापुरता उजेड हवा आणि येणारीजाणारी माणसे नकोत. कोरड्या वादीत, म्हणजे ओढ्याच्या पात्रात, गोट्यांच्या सपाट पट्ट्यावर, बाई त्याला शिकवीत. त्याच्या सगळ्या दोषांत एक दोष मोठा होता. तो ब्रेक झुरळ मारल्यासारखा मारी. बाई म्हणत, "मेहुणे, पायाखाली काही मेलेलं नाही. हळू." त्याचे वय चाळिशीपुढचे, हाताखाली पन्नास मजूर; आणि शेजारी थोरली मेहुणी पहिलीच्या पोराला सांगावे तसे सांगते आहे. तो घामाघूम होई. "ताई, मला नाही जमणार," म्हणे. "जमेल. माझ्या बसमध्ये सगळ्यात मागे बसणारी पोरंसुद्धा शेवटी शिकली," बाई म्हणत. हे सगळे मला दोघांनी नंतर सांगितले.

तो पास झाला. त्या हंगामाची शेवटची वांगी त्याने स्वतः शारजाला नेली आणि माझ्या दुकानासमोर, गरज नसताना, भोंगा वाजवला. मुलीची परीक्षा झाली. बाई आणि यजमान मग गेले. बहिणीने हाकलले म्हणून नव्हे. बर्फ वितळत आले होते आणि शाळेला ड्रायव्हर हवी होती.

पण तोवर पेट्रोल पंपावरच्या माणसाने काचेतून दोन डोकी पाहिली होती. त्याने ते कोणा गिऱ्हाइकाला सांगितले, गिऱ्हाइकाने देऱ्यात नेले, देऱ्यातून ते शारजाला आले. धाकटीने एकदा, फक्त एकदा, इथल्याच मराठी मंडळींतल्या एका बाईला सांगायचा प्रयत्न केला. त्यावर उत्तर मिळाले, "बिचारी! झाकते आहे." त्यानंतर ती बोलली नाही. खरे बोलायचे तर नवऱ्याच्या परवान्याचे खोटे बाहेर आले असते. तिने बहिणीच्या नावाला डाग लागू दिला आणि घर राखले. हा हिशेब तिला कसा पडला असेल, ते मला विचारू नका.

कॅनडावाल्या बाई पुन्हा आल्या नाहीत. धाकटीने दर हिवाळ्यात बोलावले. एकदा मी त्यांच्याकडे बसलो असताना फोन चालू होता. धाकटी म्हणत होती, "ये गं. इथं आता रस्ते किती छान झालेत." पलीकडून काय आले ते तिने फोन ठेवल्यावर सांगितले: "नको गं. तिथे गाडीपेक्षा गाडीकडे बघणारेच जास्त." सख्ख्या बहिणी, मॅनेजर निवृत्त होऊन कोल्हापूरला जाईपर्यंत त्यांची भेट झाली नाही. पुढे झाली की नाही, मला माहीत नाही. श्रीखंड खाता खाता सांगितलेल्या हकीकतीने इतके होऊ शकते.

त्या दिवशी जेवणात मी इथवर सांगितले. गृहस्थ गप्प बसले नाहीत. गप्प बसणारे नाहीतच ते.

"काका, शिकवणं ठीक आहे. पण मग दोघंच का? रोज? प्रश्न राहतोच."

राहत नाही. कारण हाच प्रश्न घेऊन मी तिथे गेलो होतो. या गृहस्थांसारखा घरी बसून राहिलो नाही. एका पहाटे ती गाडी दुकानासमोरून गेली, तशी मी माझी व्हॅन तिच्यामागे घातली. मॅनेजर मला धाकट्या भावासारखा. म्हटले, आज दोघांनाही तोंडावर विचारायचे. वादीत त्यांची डबल केबिन पिकअप चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकत होती. मी व्हॅन आडवी घातली. पिकअप इतकी अलगद थांबली की धूळसुद्धा उडाली नाही. मी उतरलो, बाह्या सावरल्या, मॅनेजरच्या खिडकीशी गेलो. तो स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसला होता, कपाळावर घाम. मी तोंड उघडले.

बाईंनी ओठांवर बोट ठेवले.

मला वाटले, ही हद्द झाली. मी आवाज चढवणार, तोच त्या पुढे वाकून कुजबुजल्या, "भाऊ, हळू. ब्रेकने ही जागी झाली की त्या दिवशी हे नापास, असं ठरलंय आमचं. आज पहिल्यांदाच इतकी लांब आली झोपून. तुम्ही उठवू नका."

मी मागे पाहिले. मागच्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन, गळ्यापर्यंत दुलई ओढून, धाकटी बहीण गाढ झोपली होती.