पत्रूभाऊ झोपले नव्हते

या रस्त्यावर मला ज्यांनी सांभाळलं त्यांचं नाव आधी सांगतो, मग बाकीचं. पत्रूभाऊ. आरमोरीजवळच्या एका तळ्याकाठच्या गावचे, मासेमारी करणाऱ्या ढिवर घरातले आणि धंद्यानं ट्रक ड्रायव्हर. ड्रायव्हर होते म्हणायला हवं. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला आहे आणि त्या पायानं क्लच दाबता येत नाही. ज्या फेरीत तो पाय गेला ती फेरी माझी होती.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते धानोऱ्यापलीकडच्या बांबूच्या डेपोत. बाकीचे ड्रायव्हर आले की गाडी जमेल तशी उभी करून सावलीत पळायचे. हे मात्र रिकामी गाडी मागंपुढं करत बसले होते. घामाघूम झाले तरी स्टेरिंग पिळत होते. गाडीचं तोंड बाहेरच्या वाटेकडं झालं तेव्हाच खाली उतरले. मी नवा होतो, मला हसू आलं.

"कुठं पळून जायचंय का भाऊ?" मी विचारलं.

"पळाले नाई लागत बापू," ते दुपट्ट्यानं मान पुसत म्हणाले. "पण भरलेली गाडी इथी फिरते का? तुह्या गावी फिरत असन."

माझी गाडी भरून झाली, मी ती फिरवायला गेलो आणि मागची चाकं मऊ मातीत बसली. अर्धा बांबू उतरवावा लागला. पत्रूभाऊ न बोलावता आले, फळी लावली, जॅक लावला, मजुरांबरोबर बांबू उतरवले. सगळं निस्तरल्यावर माझ्यासमोर येऊन शांतपणे म्हणाले, "आता मी हासू का?"

मी होय म्हणेपर्यंत ते थांबले. मग पोट धरून हसले.

मी संपत, जत तालुक्यातला. वडील गेले आणि सातवीत शाळा सुटली. आधी क्लिनर, मग लायसन, मग ओळखीच्या एका माणसामागं चंद्रपूरच्या शेठची गाडी. आमच्याकडं कुणी येत असला तर तो अर्ध्या कोसावरून दिसतो. इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडी, आणि झाडीत काय आहे ते कळत नाही. मला सगळ्याचीच भीती वाटायची. वाघाची, जंगलखात्याच्या नाक्याची, शेठची, घरून येणाऱ्या फोनची. बायकोला, कमलला, गावीच ठेवून आलो होतो. पत्रूभाऊंना माझी भीती पहिल्या आठवड्यातच कळली, आणि त्यांनी ती कधी चारचौघांत काढली नाही.

हवा लागते म्हणून मी भरलेल्या बांबूवर झोपायचो. त्यांनी एकदा पाहिलं.

"वाघाले भेतं हे पोट्टं, अन् मच्छराले आंग देते," ते म्हणाले. "वाघानं किती ड्रायव्हर खाल्ले सांग. मच्छरानं खाल्लेले मी तुले घरं दाखवतो."

मी ऐकलं नाही. मग हिवताप आला आणि असा आला, की मला स्वतःचं नाव आठवेना. पत्रूभाऊंनी मला उचलून आपल्या घरी नेलं. त्यांच्या बायकोनं, सखूबाईंनी, गोळ्यांचा डबा उशाशी ठेवला आणि मला भाताची पेज पाजली. मी बरा होईतो त्यांनी माझ्या गाडीच्या दोन्ही खिडक्यांच्या मापाची मच्छरदाणी शिवून ठेवली होती. जाळी विणणारा हात तो, एक टाका वाकडा नाही.

"एवढं कशाला बाई?" मी म्हणालो.

"तुमची माय इथी नाई ना," त्या म्हणाल्या, आणि दोरा दातानं तोडला.

पत्रूभाऊ काही शिकवायचं म्हणून शिकवत नसत. गाडी चालवता चालवता, चहा पिता पिता बोलून जात. आरमोरीच्या बाजारादिवशी घाई करू नको, बैलबंड्या रस्त्यावरच राह्यते. जिथी गावची बाई हंडा भरते तिथीच तू पाण्याची छागळ भर. मोहाच्या दिवसांत पहाटे बायका झाडाखाली फुलं वेचते, त्याईचा जाळ-धूर रस्त्यावर येते, तं हात हार्नवर अन् पाय ब्रेकवर. गाडी बंद पडली आणि मागं दगड लावले, तर निघताना ते उचलूनच निघायचं. रस्त्यात कुणा दुसऱ्याचे दगड राहिलेले दिसले तरी ते गाडी थांबवून उतरायचे, दगड कडेला टाकायचे आणि त्या न पाहिलेल्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची नावं घ्यायचे.

झोपेच्या बाबतीत तर ते हट्टी होते. "झोप आली तं चहा नको पिऊ. चहानं डोळे उघडे राह्यते, डोस्कं झोपलेलंच राह्यते." डोळा जड झाला, की गाडी झाडाखाली लावून तोंडावर दुपट्टा टाकत, मग गिऱ्हाईक वाट पाहो की शेठ. एकदा शेठनं सगळ्यांसमोर झापलं, तुला पगार झोपा काढायचा देतो का म्हणून. पत्रूभाऊ हात जोडून म्हणाले, "शेठ, मी उभ्या गाडीत झोपतो. चालत्या गाडीत झोपणारा पाह्यजे असन तं सांगा, दुसरा पाहून देतो." शेठसुद्धा हसले. त्या माणसाबद्दल पुढं लोक काय बोलू लागले ते सांगायचं आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

आणि दोर. हिवाळ्यात डेपोत रात्रभर दव पडतं, उघड्यावरचा दोर भिजतो. सकाळी तोच ओढून बांबू बांधला, तर गाठ दगडासारखी बसते. दुपारच्या उन्हात दोर वाळला, की सैल पडतो आणि बांबू एका अंगाला सरकू लागतो. "ओला दोर सकाळी हो म्हणते, उनीत हात सोडते," असं ते म्हणत. ओला बांधला तरी चालेल, पण निघण्याआधी पुन्हा ताणायचा. गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची, तर आधी दोर ओला होता की सुका ते सांगायचं, मग चावी द्यायची. आमच्या त्या डेपोवर ही रीतच होती. क्लिनरसुद्धा पाळायचे.

त्या हिवाळ्यात कमलचे दिवस भरत आले होते. निरोपासाठी मी धानोऱ्याच्या चहाच्या टपरीवरच्या फोनचा नंबर घरी दिला होता. एका सकाळी मी गाडी भरून, दोर बांधून उभा होतो. माल बाहेर न्यायचा पास देणारा बाबू आला नव्हता, तो दुपारपर्यंत येईल असं कळलं होतं. तेवढ्यात पत्रूभाऊंची रिकामी गाडी आत आली. त्या दिवशी त्यांनी ती फिरवली नाही. आली तशी उभी करून उडी मारली आणि माझ्याकडं चालत आले.

"टपरीवर फोन आला," ते म्हणाले. "कमलले दवाखान्यात नेलं. लेकरू आडवं आहे म्हणते. तुले बोलावून राह्यले."

मी गाडीकडं पाहिलं. भरलेली गाडी डेपोत सोडून गेलो, तर शेठ दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर बसवणार, हे मला माहीत होतं.

"ते काय पाह्यतं?" पत्रूभाऊ म्हणाले. "ठेकेदाराची जीप निघून राह्यली चंद्रपूरले. बस तिच्यात. गाडी मी नेतो. माह्या गाडीचं मी पाहून घेतो."

"भाऊ, शेठला..."

"शेठले मी सांगतो. चाबी दे."

मी चावी दिली आणि जीपमध्ये बसलो.

दोर ओला होता, हे मी सांगितलं नाही. ते धानोऱ्याची टपरी मागं पडल्यावर आठवलं. जीपवाल्याला थांब म्हणता आलं असतं, टपरीवर निरोप ठेवता आला असता. जीपवाला घाईत होता. एकदा उतरलो आणि हा सोडून गेला तर, असं मनात आलं. मग मी स्वतःची समजूत घातली, की पत्रूभाऊच ते, निघताना पाहतीलच. ती समजूत मी गावापर्यंत पुरवली.

कमलचं ऑपरेशन झालं. रक्त लागलं, माझं चाललं. मुलगी झाली आणि दोघी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. ते ऐकून मला पत्रूभाऊंच्या पाया पडावंसं वाटलं होतं, आणि तेव्हा ते चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात पडले होते हे मला माहीत नव्हतं.

परत आलो तेव्हा टपरीवर कळलं. पत्रूभाऊला झोप लागली, गाडी वळणावर खाली गेली, पाय दबला. "स्वतःच शेठले सांगतलं त्यानं," टपरीवाला म्हणाला. "लोकाईले शिकवे अन् आपणच झोपला." मला ते खरं वाटेना. मी त्या वळणावर गेलो. तिथल्या शेतात ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं त्यांना बाहेर काढलं होतं. तो म्हणाला, "झोपले कुठचे? जागे होते. माल एका बाजूले कलला होता, म्हणून गाडी हळू करून बाजूले घेऊन राह्यले होते. मले हात दाखवला त्याईनं, सरक म्हणून. तेवढ्यात कड खचली."

पास उशिरा मिळाला म्हणून ते घाईनं निघाले असतील. दोरावर हात फिरवून पाहिला असेल आणि सावलीतली, अजून घट्ट असलेली बाजू तेवढी हाताला लागली असेल. किंवा चावी देताना संपत काही बोलला नाही, म्हणजे दोर सुका, असं धरलं असेल. हे मी त्यांना विचारलेलं नाही.

दवाखान्यात सखूबाई खाटेजवळ खाली बसून संत्रं सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "भाऊ, दोर ओला होता. मी सांगितलं नाही."

"काय झालं, पोट्टा का पोट्टी?"

"मुलगी. भाऊ, दोर..."

"अन् कमल?"

"बरी आहे."

"मंग झालं ना." त्यांनी डोळे मिटले. "मले झोप लागली होती. शेठले तसंच सांगतलं आहे. तू दुसरं सांगू नको. दोर सैल होता म्हणलं का थो पह्यले विचारन, बांधला कोणं. मी तं घरी बसलोच. तुले बी बसवून माहा पाय सरळ होणार आहे का?"

सखूबाईंनी सगळं ऐकलं. संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली, पण माझ्याकडं पाहिलं नाही.

मी दुसरं काही सांगितलं नाही. नोकरी टिकली. कमलला आणि मुलीला इथं आणलं. मुलगी आता शाळेत जाते आणि पत्रूभाऊंसारखं "मले", "तुले" बोलते. पत्रूभाऊ तळ्यावर असतात, जाळी दुरुस्त करतात, बाजारादिवशी मासे विकतात. मी गेलो, की रस्त्याचीच चौकशी. कोणता पूल झाला, कोणतं झाड तोडलं, नव्या गाड्यांचा क्लच खरंच हलका असतो का. क्लचचं विचारतात तेव्हा मला पाण्याकडं पाहत बसावं लागतं.

आमच्या रस्त्यावर वळणांना ड्रायव्हरच नावं ठेवतात. त्या वळणाला आता झोप्याचं वळण म्हणतात. नवी पोरं पत्रूभाऊंना ओळखतही नाहीत. "झोप्याच्या वळणावर कड कच्ची आहे," असं एकमेकांना सांगतात. एकानं टपरीवर विचारलं, कोण होता हा झोप्या? मी तिथंच बाकावर होतो. मी चहा संपवला आणि गाडी काढली.

मागच्या खेपेला त्यांच्या घरी जेवायला बसलो होतो. सखूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "रस्त्यावर याईले झोप्या म्हणते का? पोरगा बाजारातून ऐकून आला."

"म्हणू दे ना," पत्रूभाऊ मासा सोडवत म्हणाले. "पाय वाकडा आहेच. नाव वाकडं झालं तं काय."

"नाव तुमचं एकट्याचं नाई," बाई म्हणाल्या. "पोराच्या नावामागं बी तेच लागते."

पत्रूभाऊंनी सोडवलेला मासा ताटाच्या कडेला ठेवला. माझ्या ताटातला भात संपला, पण बाईंनी आणखी वाढला नाही.

हे मी इथं लिहिलं, पण ज्यांच्यासमोर बोलायला हवं ते ड्रायव्हर लिहिलेलं वाचत बसत नाहीत. अजून बोललो नाही याचं कारण भीती, दुसरं काही नाही. शेठ अजून तेच आहेत आणि माझी मुलगी अजून लहान आहे. पण ती जरा मार्गी लागू दे. मी पत्रूभाऊंना माझ्या गाडीत शेजारी बसवून धानोऱ्याच्या टपरीवर नेईन. सखूबाईंना आणि त्यांच्या पोरालाही नेईन. गाड्यांची गर्दी असेल अशी वेळ पाहीन, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन, की हा माणूस त्या वळणावर जागा होता, दोर मी बांधला होता, आणि तो ओला होता हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी पत्रूभाऊ मला शिव्या देतील. सखूबाई देणार नाहीत.