उद्धव सरांचा पुढचा ब्रेक

माहूरला आमच्या शेजारी उद्धव सर राहतात. शाळेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण जुनी मोटरसायकल काही त्यांनी सोडली नाही. नवरात्राच्या आधी अंगणात गोणपाट अंथरायचं, पुढच्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे लोखंडी डिस्कला दोन पॅडांनी आवळणारा ब्रेकचा चिमटा, खोलायचा, पिना घासून त्यांना ग्रीस लावायचं, हा त्यांचा वेगळाच सण. डिस्क मधे झिजून कडेला कंगोरा उरला होता. मी म्हणायचो, "सर, बदला आता." ते बोट फिरवून म्हणायचे, "अजून जाडी हाय रे." मोजूनच म्हणायचे, त्यामुळे माझं काही चालायचं नाही.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोला, इंदूकाकूंना, मागे बसवून ते गडावर रेणुकामातेच्या दर्शनाला गेले. जाताना चढ, तिथे ब्रेकचं काम नाही. उतरताना पुढचा ब्रेक दाबला तर गाडी थांबेचना. मागच्या ब्रेकवर कशीबशी आवरत सरांनी ती कडेच्या मातीच्या ढिगात घातली. काकूंचं कोपर खरचटलं, एवढ्यावर निभावलं. पण पुण्याहून मुलाचा, मिहिरचा, फोन आला, "बाबा, तुमचं वय झालं. गाडी विकून टाका." गल्लीनेही माना डोलावल्या. आणि सर चक्क "बरं" म्हणाले! माझं डोकंच फिरलं.

विकायची तर ब्रेक नीट करून द्यायची, म्हणून सरांनी कॅलिपर खोलला. मी मदतीला बसलो. पिना मोकळ्या, पिस्टन मोकळा, कुठे काही अडकलेलं नाही. पॅड काढले तर तेलाने माखलेले आणि त्यात कुंकू. दसऱ्याला गाडीच्या पूजेच्या वेळी डिस्क चकाकावी म्हणून काकूंनीच तिला खोबरेल चोळलं असणार. तेलकट डिस्कला पॅड धरणार कसे?

"सर, यात तुमचा काय दोष? काकूंना सांगा, मिहिरला सांगा!"

"गप बैस," सर हळूच म्हणाले. "आपल्या हातानं दोघांचा जीव गेला असता, हे तिच्या मनात घालू का? गाडी काय, जाऊ दे."

मला त्यांचा राग आला आणि गलबलूनही आलं. त्यांनी पेट्रोलने डिस्क स्वच्छ पुसली, नवे पॅड बसवले आणि हात धुतले.

दुपारी किनवटहून गिऱ्हाईक आलं. गाडी फिरवून खूश झालं. सर किल्ली देणार, तेवढ्यात काकू दारात आल्या.

"गाडी विकायची न्हाई. डिस्कला तेल मी लावलं होतं."

सरांनी किल्लीचा हात मागे घेतला.

"घाटात जळक्या खोबरेलाचा वास आला तवाच मला कळलं," काकू म्हणाल्या. "तुम्ही चिडाल म्हणून गप बसले. सगळे तुम्हाला म्हातारं ठरवून राहिले अन् मी ऐकून घेऊन राहिले. आता न्हाई जमत. मिहिरला फोन लावा, मी सांगते."

"वास मलाबी आला होता, इंदू," सर म्हणाले.

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग पदर डोळ्यांना लावून तिथेच उंबऱ्यावर बसल्या. गिऱ्हाईक बिचारं पुटपुटत निघून गेलं.

शुक्रवारी दोघं त्याच गाडीवर परत गडावर गेले. काकू उतार पायी उतरतील असं मला वाटलं होतं. त्या मागे बसूनच आल्या.