गळवाल्याने रायफल धरली तेव्हा

धरणावर गळ टाकून मी तीस वर्षं घर चालवलं. जाळंवाले मला हसतात, कारण त्यांचं जाळं एका फेरीत ओढतं तेवढं मी दिवसभर बसून काढतो. पण दहा किलोचा कटला एकट्याला गाठून, खेळवून, सन्मानाने काठावर आणणं ही कला आहे. औंढ्यापासून वसमतपर्यंत त्या कलेत माझा हात धरणारा अजून मला भेटलेला नाही. भेटला तरी मी कबूल करणार नाही.

असा मी बावन्नाव्या वर्षी रायफल घेऊन मचाणावर चढलो. सासऱ्यांची ती परवान्याची रायफल. ते थकले, त्यांना मुलगा नाही, म्हणून दोन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून ती माझ्या नावावर झाली. दर रविवारी मी तिला तेल लावायचो आणि दर लग्नात तिच्याबद्दल बोलायचो. चालवली होती एकदाच, सासऱ्यांच्या देखत, मातीच्या ढिगाऱ्यावर. नेम लागला. ढिगारा मोठा होता.

माघात अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

"डुकरांनी दोन सऱ्या उकरल्या रे रताळ्याच्या. शिवरात्र बारा दिवसांवर आलीय. आठ दिवस अजून पोसलं तर रताळं बाजारात उभं राहील, न्हाई तर समदं त्यांच्याच पोटात."

"दाजींना म्हण, राखण करा."

"ते करून राहिले, डबा वाजवून. डुकरं ऐकत बसतेत. तू लग्नाकार्यात लोकांचे कान खातोस ना रायफलीवरून? मग आण की ती आता!"

पळवाट नव्हतीच. पीक नासवणाऱ्या डुकरांसाठी वनखात्याची परवानगी लागते, ती अक्काने अर्ज-पंचनामा करून आधीच आणली होती. शिकारी म्हणून त्यात माझं नाव.

अक्काचं रान जवळा बाजारच्या पुढे, नाल्याला लागून. नाल्यापलीकडे नुसता झाडोरा आणि माळ. पहिल्याच दिवशी, दिवस कलताना, सात डुकरं नाल्यातून वर आली आणि मी रायफल खांद्याला लावेपर्यंत वेलांत घुसली. वेलांत अक्काची रताळी, पलीकडच्या बांधावर दाजी डबा वाजवून राहिलेले. गोळी घालणार कुठे?

मी मचाणावरून उतरलो आणि जाहीर केलं, "माशाच्या मागं पळायचं नसतं. त्याला आपल्या जागेवर बोलवायचं असतं."

गळवाला नव्या जागी लगेच गळ टाकत नाही. आधी तीन दिवस नुसता चारा टाकतो. मासा निर्धास्त झाला, रोज त्याच वेळेला यायला लागला, की चौथ्या दिवशी चाऱ्यात गळ. हे शास्त्र मी डुकरांना लावलं. भिजवलेला मका, सरकीची पेंड आणि वर गुळाचं पाणी, अशी टोपली भरून नाल्याकाठच्या पडीक तुकड्यात बाभळीखाली ओतली.

दाजी कमरेवर हात ठेवून बघत होते. "पाव्हणं, डुकराला मारायचंय का त्याची सोयरीक करायचीय?"

"बघत राहा, दाजी."

त्यांनी बघितलं. पहिल्या संध्याकाळी सात आली. दुसऱ्या संध्याकाळी अकरा. तिसऱ्या दिवशी एकोणीस, त्यांत पिलांची रांग आणि एक म्हातारा नर, ज्याला मी या भागात कधी पाहिलं नव्हतं. मी रायफल मांडीवर ठेवून समाधानाने बसलो होतो. खाली अक्का दात खात होती.

"आता तरी मार!"

"तिसऱ्या दिवशी गळ टाकत न्हाईत, अक्का."

"तुझ्या गळाला आग लागो! तालुक्यातली डुकरं गोळा केलीस माझ्या रानात!"

चौथी संध्याकाळ. म्हातारा नर बाभळीखाली आडवा उभा राहिला, मान खाली, तोंड पेंडीत. नेम धरला. श्वास रोखला. चाप ओढला.

आता माझ्या मनगटाची बाजू ऐका. तीस वर्षं त्याला एकच गोष्ट ठाऊक आहे. बोटाला जाणवलं रे जाणवलं की वर झटका, म्हणजे गळ जबड्यात रुततो. चापाला बोट लागलं आणि मनगटाने इमानाने झटका दिला. नळी थेट आभाळाकडे. धडाड! आणि त्याहून वाईट म्हणजे, माझा डावा हात लगेच नसलेल्या दोरीची चरखी गोल गोल फिरवायला लागला.

डुकरं पसार. दाजी बांधावर आडवे पडून हसत होते. "पाव्हणं, ढील द्या, ढील! मोठा दिसतोय!"

नशीब, पलीकडे माळच होता. पाचव्या दिवशी डुकरं आली नाहीत. सहाव्या दिवशी आली, कारण गुळाची चटक बंदुकीच्या भीतीपेक्षा मोठी असते. मी पुन्हा नेम धरला, पुन्हा झटका दिला, आणि बाभळीचा शेंडा खाली आणला. मी उतरलो तेव्हा मान वर होत नव्हती. अक्का रताळ्याच्या रानात वाकून सरीसरीतून फिरत होती. आता काय ऐकावं लागणार, याच्या तयारीने मी उभा राहिलो.

ती आली. हातात माती लागलेलं एक रताळं, मनगटाएवढं जाड.

"तू आल्यापासून किती सऱ्या उकरल्या त्यांनी?"

"पहिल्या दिवशी एक," मी पुटपुटलो.

"अन् चारा टाकल्यापासून?"

मी विचार केला. एकही नाही. बाभळीखाली आयतं गोड मिळत असताना जमीन उकरायची तकलीफ कोण घेतं?

"ती रायफल ठेव पेटीत," अक्का म्हणाली. "अन् टोपली उचल."

म्हणून पुढचे पाच दिवस परवानाधारक शिकारी रोज संध्याकाळी डोक्यावर पेंड घेऊन निघायचा. त्यात मी माझी अक्कल घातली: रोज चारा थोडा पुढे, आधी नाल्यात, मग नाल्यापलीकडे, मग झाडोऱ्याच्या कडेला. मासा खोल पाण्यात न्यावा तशी मी ती फौज रानापासून लांब नेली. इकडे दिवसभर खणणी. शेवटची सरी निघाली आणि शिवरात्रीच्या आदल्या दिवशी पोत्यांनी भरलेला टेम्पो वसमतकडे गेला. दाजी टपावर बसून गेले, नवरदेवासारखे.

शिवरात्रीला अक्काने उकडलेल्या रताळ्यांचं ताट माझ्यापुढे ठेवलं, वर तूप आणि गूळ. मी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो, तर ती कुदळीने तुटलेल्या रताळ्यांची टोपली ओढत घेऊन आली.

"हे घाल तिकडं झाडोऱ्यात, जेवून झालं की."

"अक्का, आता कशाला? रान मोकळं झालं की!"

"असू दे," ती म्हणाली, "त्यांचाबी उपास असंल आज."