चितळ शेवटी फणसाखाली बसला

मैसूरकरांनो, आज सकाळी माझ्या तोंडचं पाणीच पळालं!

येलवालजवळ आमच्या ऑफिसच्या आवारात चितळांचा कळप आहे. त्यातला मोठा नर माजावर आला आणि फणसाखालची त्याची नेहमीची जागा ओस पडली. सारखा माद्यांमागे धावायचा. जरा टेकला की लगेच उठायचा. बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

आज आम्ही दोघी बघतो तर तो फणसाखाली आडवा, मान जमिनीला टेकलेली! माझी मैत्रीण पुटपुटली, "अय्यो, गेला गं!"

आम्ही दबकत जवळ गेलो. त्याने डोकं उचललं, कंटाळून आमच्याकडे पाहिलं आणि रवंथ करायला लागला. समोरून माद्या गेल्या, तरी हा ढिम्म. माज सरला होता.

हुश्श!

लेकीच्या लग्नानंतर आमचे हेही असेच पसरले होते. मी चक्क नाकाशी बोट धरून बघितलं. तुमच्याकडे असं कोण झोपतं?